बिजलीच्या वाट्याचं

बिजली नावाच्या मांजरीचं पोट भरेनासं झालं, आणि त्यापायी लीलाबाई तेलगोटेचं सहा वर्षांचं काम गेलं.

काम होतं देवराव तायड्यांच्या घरी, अमरावतीत, बडनेऱ्याकडच्या एका कॉलनीत. देवराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांची बायको निर्मलाबाई तीन वर्षांपूर्वी वारली. एकुलती एक मुलगी दीक्षा अकोल्याला कॉलेजात शिकवायची. दर रविवारी सकाळच्या गाडीनं यायची आणि संध्याकाळी परत जायची. बाकी सहा दिवस घर लीलाबाईच्या हाती. सकाळी आठला यायचं, देवरावांचा चहा, आंघोळीचं पाणी, गोळ्या, स्वयंपाक सगळं उरकायचं, आणि सहा वाजता त्यांचं जेवण झाकून ठेवून निघायचं. रस्त्यात त्याच कॉलनीतल्या केशरबाई अंभोऱ्यांकडे पोळ्या टाकायच्या आणि मग आपली वस्ती गाठायची. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात ती आणि मुलगी माधवी, दोघीच. माधवी फार्मसीचा डिप्लोमा करत होती.

बिजली निर्मलाबाईंची. तेरा वर्षांपूर्वी, लोडशेडिंगच्या दिवसांत, अंधारात कंपाउंडच्या भिंतीशी सापडलेलं राखाडी पिल्लू. निर्मलाबाईंनी जाताना दीक्षाला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, बाबांना सांभाळ आणि बिजलीला उपाशी ठेवू नको. त्यामुळे दीक्षा रविवारी आली की आधी कुकर लावायची. कोंबडीचं मांस उकडून, हाडं काढून, बारा छोट्या डब्या भरून फ्रीजरमध्ये ठेवायची. रोज दोन डब्या, सहा दिवस. शिवाय कोरड्या दाण्यांची पिशवी.

पहिली दोन वर्षं बिजलीला ते पुरून उरायचं. लीलाबाई फडकं मारायला वाकली की ही पाठीला पाठ घासून जायची, आणि दुपारी देवरावांच्या खुर्चीखाली झोपायची. मग मागच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तिचं काहीतरी बिनसलं. डबी वाटीत उलटी केली की दोन मिनिटांत चट्टामट्टा, आणि लगेच लीलाबाईच्या पायात येऊन ओरडणं. साधं म्याऊ नाही, लहान लेकरू रडल्यासारखं. ओट्यावर चढायची, देवरावांच्या ताटातली पोळी ओढायची, एकदा तर कच्चं वांगंच तोंडात धरून पळाली.

"आता तं देल्लं तुले," लीलाबाई म्हणायची. "पोटात उंदीर पोसले का तू?"

सुरुवातीला हसायची. मग बिजलीच्या पाठीचे मणके हाताला लागायला लागले, तेव्हा हसणं बंद झालं. इतकं खाऊन मांजर वाळत होती. केस राठ झाले होते. पाणी ढसाढसा प्यायची. लीलाबाईला ते बघवेना. दोनच्या तीन डब्या झाल्या. गुरुवारी फ्रीजर रिकामा व्हायचा, आणि शुक्रवार-शनिवार ती आपल्या डब्यातली भाकरी दुधात कुस्करून घालायची.

दीक्षाला तिनं हे सांगितलं नाही असं नाही. दोनदा सांगितलं. एकदा फोनवर, एकदा समोर.

"ताई, बिजली लय खाऊन राहिली, पन तिच्या अंगाले लागून नाई राहिलं. एकदा डॉक्टरले दाखवा ना."

"म्हातारी झाली ती, लीलाबाई. तेरा वर्षं म्हणजे मांजरीचं खूप झालं."

"म्हातारी मानसं कमी खातात, ताई."

दीक्षाच्या हातात तेव्हा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. "बघू," ती म्हणाली. तिथंच ते राहिलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दीक्षा आली ती आधीच चिडलेली होती. शेजारणीनं तिला फाटकातच गाठलं होतं. तुमची मांजर दिवसभर आमच्या दारात येऊन रडते, तिला खायला मिळत नाही का हो, म्हणाली. आत येऊन दीक्षानं फ्रीजर उघडला. एकही डबी नाही. बिजली पायाशी आली, तिला उचललं तर हातात नुसती हाडं. दीक्षानं सोबत आणलेल्या कोंबडीतला चौथा हिस्सा तिच्यापुढे ठेवला. बिजली घशात अडकेल इतक्या घाईनं खात होती. ते बघताना दीक्षाचे डोळे भरून आले.

लीलाबाई ओट्याशी कणीक मळत होती. रविवारी ती सकाळचा स्वयंपाक करून लवकर निघायची. देवराव पेपर घेऊन बसले होते. समोर सोफ्यावर केशरबाई अंभोरे. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, विहारातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. माघ पौर्णिमेच्या कार्यक्रमाचं बोलायला आल्या होत्या.

"बारा डब्या होत्या," दीक्षा म्हणाली. "कुठे गेल्या?"

"बिजलीले घातल्या, ताई. तिचं दोनात भागतच नाई. गुरुवारीच सरल्या."

"चार दिवसांत बारा डब्या या मांजरीनं खाल्ल्या? हिच्याकडे बघा तरी. ही खाल्लेली मांजर दिसते?"

"मी तं तुमाले सांगतलं होतं..."

"काय सांगितलं होतं? जास्त खाते म्हणून? म्हणजे आधीपासूनच तयारी चालली होती."

लीलाबाईला क्षणभर कळलंच नाही कसली तयारी. कळलं तेव्हा दीक्षा दाराच्या खुंटीशी पोहोचली होती. तिथं लीलाबाईची कापडी पिशवी टांगलेली असायची. दीक्षानं ती काढली आणि डायनिंग टेबलावर उलटी केली. फणी, पदराची पिन, बसचा पास, माधवीनं दिलेली बी.पी.च्या गोळ्यांची पट्टी आणि एक स्टीलचा डबा. दीक्षानं डब्याचं झाकण उघडलं. आत दोन भाकरी आणि वांग्याची भाजी.

सगळे त्या भाजीकडे बघत राहिले. केशरबाईंनी मान वळवली.

"आज नाही सापडलं म्हणून काय झालं?" दीक्षा म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता. "आपल्यातली बाई, आईच्या ओळखीची, म्हणून घर तुमच्यावर टाकलं. मुक्या जनावराच्या तोंडचं काढताना काही वाटलं नाही?"

लीलाबाईचे हात कणकेनं भरलेले होते. तिनं देवरावांकडे बघितलं. "बाबा, तुमी सांगा. तुमच्या समोर घालतो ना मी तिले. रोज. याच वाटीत."

देवरावांनी पेपरचं पान उलटलं. चष्मा नाकावर सरकवला. "मी काय सांगू," ते म्हणाले. "माझं लक्ष नसते."

लीलाबाईनं नळाखाली हात धुतले. टेबलावरचं सामान एकेक करून पिशवीत भरलं, डब्याचं झाकण लावलं. कणीक तशीच परातीत पडून राहिली. ती निघून गेली.

त्याच संध्याकाळी ती केशरबाईंकडे पोळ्या टाकायला गेली, तर केशरबाई दारातच उभ्या. "काही दिवस राहू दे लीला. सून म्हणते, आम्ही करून घेऊ." सुनेला पोळी लाटता येत नव्हती हे लीलाबाईला चांगलं ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात तिनं कॉलनीत तीन घरी विचारलं. एका घरी हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, नको. विहारात वंदनेला गेली तर तिच्या शेजारच्या बाईनं पर्स उचलून दुसऱ्या मांडीशी ठेवली. कदाचित सहजच ठेवली असेल. पण लीलाबाई त्यानंतर विहारात गेली नाही.

"लोकायच्या घरचे बटवे गेले असते तरी समजलं असतं," ती माधवीला म्हणाली. "मांजरीचं खाल्लं म्हनतात मले."

"आई, सोड ना आता."

"कशी सोडू? मीच घालत होती ना तिले. या हातानं. मंग ते जात कुठं होतं?"

हाच प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. तिनं चोरी केली नव्हती हे तिला माहीत होतं. पण मग एवढं खाऊन मांजर उपाशी कशी, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसल्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं. दीक्षाचं म्हणणं खोटं होतं, पण दिसायला खरं दिसत होतं. लीलाबाईचं खरं होतं आणि ते कोणालाच दिसत नव्हतं.

मार्चमध्ये कळलं की दीक्षा बापाला आणि मांजरीला अकोल्याला घेऊन गेली, घराला कुलूप लागलं. नवीन लावलेली बाई आठच दिवस टिकली म्हणे. लीलाबाई एका मंगल कार्यालयात भांडी घासायला जाऊ लागली. लग्नसराई संपली तसं तेही संपलं.

जुलैमध्ये ती भातकुलीला भावाकडे गेली. भाऊ जीवन दुसऱ्याच्या वावरात कामाला जायचा आणि घरी चार बकऱ्या पाळायचा. एका बकरीनं दोन दिवस तोंडात काही घेतलं नव्हतं. जीवनला सवड नव्हती, म्हणून लीलाबाईच तिला दोरीनं ओढत सरकारी जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बकरीला सुई दिली, पोटावर हात फिरवला, चारा बदला म्हणाली. मागे कोणी नंबरला नव्हतं. लीलाबाई उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"मॅडम, एक विचारू का? बकरीचं नाई. एक मांजर होती."

"विचारा ना."

"ते खूप खाये. खाल्लं का पुन्हा ओरडे. आन् वाळतच जाये. असं होऊ शकते का? खरं सांगा. का मीच येडी आहो?"

डॉक्टरीण हसली नाही. तिनं खुर्ची ओढली. "वय किती?"

"तेरा."

"पाणी किती प्यायची?"

"वाटीनं वाटी. आधी तं तोंडबी लावत नोती."

"उलटी?"

"आठ-पंधरा दिसातून एकदा. खाल्लेलं तसंच पडे."

"झोपायची का?"

"नाई ना! आधी दिवसभर झोपे. मंग या खिडकीतून त्या खिडकीत. हात लावला तं छाती अशी धडधड करे, मोटर चालू असल्यावानी."

"केस?"

"राठ झालते. चाटतच नोती सोताले."

डॉक्टरणीनं हातातलं पेन खाली ठेवलं. "तुमचं लक्ष फार चांगलं होतं तिच्यावर," ती म्हणाली.

लीलाबाईला एकदम रडू आलं. इतक्या महिन्यांत नव्हतं आलं. तिनं पदर तोंडाला लावला. बकरी दोरी ओढत होती.

डॉक्टरणीनं तिला समजावून सांगितलं. खाऊनही भूक राहण्याची कारणं बरीच असतात. जंत असतील, साखरेचा आजार असेल. पण हे वय आणि ही सगळी लक्षणं म्हणजे बहुतेक गळ्यातली ग्रंथी. माणसांना थायरॉईड होतं ना, तसंच. फक्त माणसांत बहुतेकदा वजन वाढतं, हिचं उलटं. ग्रंथी जास्त चालते, आणि आतली भट्टी रात्रंदिवस पेटलेली राहते. घालाल ते जळून जातं. मांजरीला भूक खरीच लागलेली असते, ती नाटक करत नाही. आणि घालणाराही खोटं बोलत नाही.

"याले दवाई आहे?"

"आहे. रोज गोळी. पण आधी रक्त तपासावं लागतं. नाही केलं तर हृदय थकतं. खात खात मरते ती." तिनं एका चिठ्ठीवर तपासणीचं नाव लिहून दिलं. "मांजर घेऊन या."

"ते माही नाई, मॅडम," लीलाबाई म्हणाली.

घरी आल्यावर माधवीनं चिठ्ठी वाचली. "बरं झालं, कळलं. आता शांत झोप."

"मी अकोल्याले जातो."

"कशाले? त्यायनं तुले घरातून काढलं. मरू दे ती मांजर."

बिजली मरावी असं तिला वाटत नव्हतं, हे खरं. पण तेवढ्यासाठी ती निघाली नव्हती, हेही खरं. तिला दीक्षाच्या टेबलावर ती चिठ्ठी ठेवायची होती, जशी तिची भाकरी ठेवली गेली होती.

अकोल्याचं घर तिला माहीत होतं. निर्मलाबाईंच्या आजारपणात ती तिथं आठ दिवस राहून आली होती. गोरक्षण रोडवरची बिल्डिंग, दुसरा मजला. सकाळच्या एस.टी.नं निघून ती अकराच्या सुमारास पोहोचली. दार देवरावांनी उघडलं. वॉकर धरून उभे होते. पाच महिन्यांत पाच वर्षांनी म्हातारे झालेले.

"लीला?" ते म्हणाले. "ये, ये. जय भीम."

"जय भीम, बाबा. ताई?"

"कॉलेजात. दोनला येते."

ती आत आली, आणि तिची नजर आधी बिजलीवरच गेली. बिजली गॅलरीच्या दाराशी उन्हात पसरली होती. पोट गोल झालं होतं, केस मऊ, चमकदार. शेजारी तिची वाटी होती आणि वाटीत अर्धं खाणं तसंच पडलं होतं. मागच्या दिवाळीपासून लीलाबाईनं बिजलीच्या वाटीत उरलेलं खाणं पाहिलं नव्हतं.

तिला हाक मारायचीही गरज पडली नाही. बिजलीनं डोळे किलकिले केले, उठली, आळस दिला, आणि येऊन तिच्या पायाला पाठ घासली. मग परत जाऊन झोपली.

"बरी झाली हे," लीलाबाई म्हणाली.

"हो, एप्रिलपासून गोळी चालू आहे." देवरावांनी फ्रीजकडे बोट केलं. फ्रीजवर गोळ्यांची पट्टी होती, आणि चुंबकानं अडकवलेला एक कागद. त्यावर दीक्षाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बिजली. सकाळी पाव गोळी, संध्याकाळी पाव गोळी.' "इथंच एका डॉक्टरकडे नेली होती. त्यानं गळ्याला हात लावला आन् लगेच म्हणाला, थायरॉईड."

"एप्रिल," लीलाबाई म्हणाली. तिनं बोटांवर महिने मोजले नाहीत, पण ओठ हलले. "मंग हे ताईले एप्रिलपासून ठाऊक आहे."

देवराव खुर्चीत बसले. वॉकर बाजूला सरकवला. "ती त्या दिवशी रडली लय," ते म्हणाले.

"कोनासाठी?"

देवरावांनी बिजलीकडे बघितलं.

"बाबा, तुमी पाहत होते ना? मी घालत होती ते?"

"पाहत होतो."

"मंग?"

देवरावांनी हात गुडघ्यावर ठेवले. "दीक्षा दर रविवारी म्हणे, बाबा, घर बंद करू, चला अकोल्याला. मी म्हणो, लीला आहे, सगळं नीट चालू आहे. त्या दिवशी तिनं गाडीतूनच फोन केला होता, आज घराचा फैसला करते म्हणे. मले वाटलं, आता मी तुयी बाजू घेतली तर ही म्हणन, तुम्हालाही काही कळत नाही, चला. गप राहिलो तर दुसरी बाई लावीन. घर राहील."

"राह्यलं का घर?"

"नाही."

बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. लीलाबाईनं फरशीवर बसकण मारली. सहा वर्षं तिनं या माणसाच्या पायाची नखं कापली होती. तिला वाटलं होतं, म्हातारपणामुळे यांच्या खरंच ध्यानात नसेल. ती समजूत तिनं पाच महिने जपली होती.

दोनला दीक्षा आली. दारात चप्पल काढताना तिला लीलाबाई दिसली आणि तिचा एक पाय चपलेतच राहिला.

"लीलाबाई! मी तुम्हाला फोन करणारच होते."

"कवा?"

दीक्षानं पर्स ठेवली, पाणी प्यायली. मग समोर येऊन बसली. वाईट बाई नव्हती ती. चेहरा उतरलेला होता. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "आईचा शब्द डोक्यात होता. बिजलीची हाडं हाताला लागली आणि माझं डोकंच फिरलं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला इतकं वाटलं... पण रोज कॉलेज, बाबा, परीक्षा. आणि कोणत्या तोंडानं फोन करायचा? बरं झालं तुम्हीच आलात. खरं सांगू? मी विचारच करत होते. बिजली माझ्या हातून गोळी घेत नाही, थुंकते. बाबांनाही इथल्या बाईचं पटत नाही. तुम्ही इथं या. राहायला खोली देते. पगारही..."

"ताई," लीलाबाई म्हणाली, "माया पिशवीतलं सामान तुमी केशरबाईसमोर टेबलावर ओतलं होतं."

दीक्षा खाली बघायला लागली.

"कॉलनीत कोनीच मले दारात उभं करत नाई. मी विहारात जात नाई. मले नोकरी नोको. तुमी फक्त त्या सगळ्यायले सांगा. जसं तवा सांगतलं तसं."

"आता? पाच महिने झाले. कोणाच्या लक्षातही नसेल. उगीच पुन्हा विषय निघेल."

"माया लक्षात आहे."

मग दीक्षानं मोबाईल घेतला. अमरावतीच्या महिला मंडळाचा ग्रुप होता, त्यात आईच्या जागी आता तिचा नंबर होता. तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवण्याआधी फोन लीलाबाईपुढे धरला. लीलाबाई चौथी शिकलेली. तिनं एकेक शब्द बोटानं वाचला.

'जय भीम. आमच्याकडे पूर्वी कामास असलेल्या लीलाबाई तेलगोटे यांच्याविषयी फेब्रुवारीत थोडा गैरसमज झाला होता. आमच्या मांजरीस थायरॉईडचा आजार असल्याचे निष्पन्न झाले आहे. तरी कृपया कोणीही गैरसमज ठेवू नये.'

"यात कोनं केलं ते नाई," लीलाबाई म्हणाली.

"काय?"

"गैरसमज झाला होता म्हंता. पाऊस झाला, तसा झाला का तो? तुमी चोर म्हनलं मले. लिवा ना, मी चोर म्हनलं, ते खोटं होतं."

"लीलाबाई, त्या ग्रुपवर माझ्या ओळखीच्या बायका आहेत, आईच्या मैत्रिणी आहेत. असं कसं लिहू? अर्थ तोच आहे."

"अर्थ तोच आहे तं लिवाले काय जाते?"

दीक्षाचा अंगठा पडद्यावर थांबला. मग तिनं तोच मजकूर, होता तसाच, पाठवून दिला. "गेला," ती म्हणाली. जणू फार जड काहीतरी उचलून ठेवल्यासारखी ती दमली होती. "आता जेवून जा."

लीलाबाई उठली. चिठ्ठी तिच्या पिशवीतच होती, ती काढायचं कारण उरलं नव्हतं. देवराव म्हणाले, "लीला, येत जा अधूनमधून." तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि दार ओढून घेतलं.

एस.टी.त बसल्यावर तिला आठवलं की सकाळपासून पोटात काही नाही. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा तिनं चहा घेतला.

ग्रुपवर त्या मजकुराला खूप उत्तरं आली. माधवीला तिच्या मैत्रिणीच्या आईच्या फोनवर बघायला मिळाली. जोडलेले हात, गुलाबाची फुलं. 'बिजली लवकर बरी होवो.' एकीनं विचारलं होतं, डॉक्टरांचा नंबर द्या ना, आमच्या कुत्र्याला दाखवायचं आहे. दीक्षानं नंबर दिला होता. त्यावर आणखी जोडलेले हात. लीलाबाईचं नाव त्या पहिल्या मजकुरानंतर कोणी घेतलं नव्हतं.

आठवड्यानं बाजारात केशरबाई भेटल्या. "वाचलं हो मी," त्या म्हणाल्या. "चला, मिटलं एकदाचं."

"मंग येऊ का संध्याकाळी पोळ्यायले?"

"आता दुसरी लावली ना गं. तिला कसं काढू? तिची काही चूक नाही."

"हाव," लीलाबाई म्हणाली. "चूक नसली का काढत नाईत."

केशरबाईंनी मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघितली आणि परत ठेवून दिली.

दिवाळीनंतर देवरावांचा फोन आला. बिजलीचं वजन सव्वाचार किलो झालं म्हणाले. इथं मन लागत नाही म्हणाले. लीलाबाईनं ऐकून घेतलं. "बाबा, भाजी लागून राहिली," म्हणाली आणि फोन ठेवला. चुलीवर भाजी नव्हती.

नोव्हेंबरात वस्तीतल्या चार बायका वरूडला संत्रा निवडायला निघाल्या, त्यांच्यासोबत तीही गेली. शेडमध्ये फळांचे ढीग पडलेले. बारकं एकीकडे, मोठं एकीकडे, डागाळलेलं वेगळं, आणि मग कॅरेट भरायचे. सोमवार ते शनिवार तिथंच राहायचं. ओमप्रकाश नावाचा मुकादम नव्या बायांना एकेक करून विचारत होता.

"पयले कुठं होती कामाले?"

"अमरावतीले. एका घरी. सहा वर्सं."

"मंग सोडलं कावून?"

सोबतच्या बायकांपैकी एकीनं तिला कोपरानं ढोसलं, काहीतरी दुसरं सांग म्हणून. लीलाबाईनं ते कोपर बाजूला सारलं.

"सोडलं नाई. चोर म्हनून काढलं."

मुकादमानं वहीतून मान वर केली. "केल्ती का चोरी?"

गेल्या नऊ महिन्यांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. दीक्षानं नाही, केशरबाईंनी नाही, कॉलनीतल्या कोणी नाही.

"नाई," ती म्हणाली.

"बरं." त्यानं नाव लिहून घेतलं. "त्या तिकडच्या ढिगावर बस. दाबून पाह्य, नरम लागलं का बाजूले."

ती जाऊन बसली. सकाळचा गारवा होता, फळं थंडगार होती. दुपारपर्यंत बोटं सालींच्या तेलानं पिवळी झाली, आणि नखांच्या कडेला जिथं चिरा होत्या तिथं झोंबायला लागलं.